शनिवारचे दोनशे बारा फॉर्म

बुधवार, ११ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं.

वस्तीतल्या खाण्याच्या पाहणीचा वार आमच्या विभागाने ठरवला, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. वार मी ठरवला. वेळापत्रकाचा कागद कोराच माझ्या हातात आला होता. त्यावर 'शनिवार' हा शब्द चौदा वेळा आहे आणि चौदाही वेळा माझ्या अक्षरात आहे. कारणाच्या जागी मी लिहिलं, 'स्थानिक मदतनीस उपलब्ध'. स्थानिक मदतनीस म्हणजे तू. सोमवार ते बुधवार तू शिवण कारखान्यात धागे कापतेस, गुरुवारी माल आणायला जातेस, शुक्रवारी तुझा बाजार, रविवारी घरातलं आठवड्याचं काम उपसतेस. शनिवारी तेवढी तू मोकळी असायचीस. तू बरोबर असलीस की दारं उघडायची. मी एकटी गेले तर बायका दारातूनच विचारायच्या, "काय विकायचंय?"

दोन महिन्यांत तू मला एकच ओळ पाठवलीस, तीही पोस्टकार्डावर: 'वार कोणी ठरवला'. पुढे प्रश्नचिन्हही नाही. मी उत्तरात चार पानं लिहिली आणि चारही पानांत स्वतःला वाचवलं. ताकाला जाऊन भांडं लपवलं. तू त्यावर काही लिहिलं नाहीस, तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय.

तू अक्षर लावत वाचतेस, म्हणून मोठं आणि सुटं लिहिते आहे. आमचा प्रश्न तू चौदा शनिवार माझ्या शेजारी बसून ऐकलास, तरी पुन्हा लिहिते. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं? मग मी पिशवीतून लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन वाट्या काढायचे आणि विचारायचे, कोणत्या वाटीएवढं? बायका मध्यम वाटीवर बोट ठेवायच्या, मी लिहायचे.

शनिवारचा काल म्हणजे शुक्रवार. बाजार उठताना उरलेला पाला तुम्ही एकमेकींत वाटून घेता आणि तो कोमेजायच्या आत त्याच संध्याकाळी घरोघरी शिजतो. चौदा शनिवार मी वस्तीला तिच्या सगळ्यात भरल्या ताटाबद्दल विचारत राहिले आणि आलेलं उत्तर आठवड्याचं म्हणून लिहीत राहिले. दोनशे बारा घरं. नियम असा आहे की घरं सातही वारांत वाटून घ्यायची. हा नियम मला पाठ आहे. परीक्षेत मी तो लिहिला होता आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते.

पालिकेला दिलेल्या अहवालातला तक्ता सहा छापून आला तेव्हा दहा वस्त्यांत आपली वस्ती पहिली होती. मी तुला लगेच फोन केला, आठवतं? "ताई, आपण पहिल्या आलो." शाळेचा निकाल सांगावा तसं. तू बाजारभर सांगत फिरलीस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. खाण्याच्या बाबतीत आपण कधी कुणाच्या पुढे होतो?

त्या तक्त्याखाली एक वाक्य आहे. ते माझं नाही, पण माझ्या आकड्यांवर उभं आहे. 'या वस्तीत पालेभाज्यांचे सेवन शिफारशीपेक्षा अधिक असल्याने स्थानिक आठवडी बाजाराची अनिवार्यता दिसून येत नाही.' बाजार आहे म्हणून पोटात भाजी जाते, आणि पोटात भाजी जाते म्हणून बाजार नको. हे वाक्य लिहिणारी माणसं शिकलेली आहेत, ताई. मीही त्यांच्यातलीच आहे. मला माझ्या शिक्षणाचा इतका राग कधी आला नव्हता.

आता बाजाराच्या मैदानावर आरोग्य केंद्र येणार आणि उरलेल्या जागेत त्याच्या गाड्या उभ्या राहणार. बाजार मोठ्या रस्त्यापलीकडे जाणार, दोन बस बदलून. त्या केंद्रात रक्त कमी असलेल्या बायकांना लोहाच्या गोळ्या देणार आहेत. आधी ताटातला पाला काढून घ्यायचा, मग हातावर गोळी ठेवायची आणि दोन्हींची नोंद प्रगती म्हणून करायची. मी आरोग्य केंद्राच्या विरोधात नाही, हेही लिहून ठेवते. मैदानामागचं पडकं गोदाम सहा वर्षं रिकामं आहे, तिथे दोन केंद्रं मावतील. पण गोदामाच्या मालकाला विचारावं लागतं. भाजीवालीला विचारावं लागत नाही.

मी उद्या आमच्या विभागाच्या मॅडमना भेटून सगळं सांगणार आहे.

धाकटी


सोमवार, १६ फेब्रुवारी

ताई,

'उद्या भेटते' म्हटलं होतं, प्रत्यक्षात आज भेटले. गुरुवारी आणि शुक्रवारी मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. हेही तुला माहीत असावं.

मॅडमबद्दल तुला सांगितलं होतं. पोरं त्यांना दशांश मॅडम म्हणतात, कारण कुणी "साधारण दोन" म्हटलं की त्या विचारतात, "दोन पूर्णांक किती?" मला शिष्यवृत्ती त्यांनीच मिळवून दिली. पहिल्या वर्षी मला टेबलावर काट्याचमच्याने खाता येत नव्हतं, तेव्हा त्यांनी स्वतःचा चमचा बाजूला ठेवला आणि हाताने जेवल्या. हे मी विसरत नाही. विसरता आलं असतं तर आजचं काम सोपं झालं असतं.

मी वेळापत्रक त्यांच्यापुढे ठेवलं.

त्या म्हणाल्या, "बस आधी. पाणी पी."

"मला पाणी नको. तक्ता सहा चुकला आहे."

त्यांनी चष्मा चढवला आणि चौदाही शनिवार वाचले. हुशार बाई आहेत, सांगावं लागलं नाही. मग म्हणाल्या, "बाजार शुक्रवारी असतो?"

"तुम्ही यावर सही केली आहे, मॅडम."

"मी दहा वस्त्यांच्या कागदांवर सह्या करते. त्या त्या वस्तीत बाजार कधी भरतो, हे तिथून आलेल्या मुलीला माहीत असेल असं धरून चालते." पुढचं त्या हळू बोलल्या. "तुला म्हणूनच घेतलं होतं ना."

खरं आहे. मला म्हणूनच घेतलं होतं. अर्जावर मी लिहिलं होतं, 'वस्तीची आतून ओळख'.

मी म्हटलं, तक्ता मागे घेऊ या. पालिकेला कळवू या की या एका वस्तीची पाहणी पुन्हा करायची आहे. त्या म्हणाल्या की अहवाल स्वीकारला गेला आहे, पुढच्या महिन्यात बाजाराच्या जागेवर पालिकेत सुनावणी आहे, एका वस्तीचा आकडा खोटा ठरला तर उरलेल्या नऊ वस्त्यांवर कोण विश्वास ठेवेल? "त्या नऊ ठिकाणी काम चोख झालंय. तिथल्या पोरांना दुपारचं जेवण मिळणार आहे या अहवालामुळे. तुझा एक वार चुकला म्हणून त्यांचं ताट ओढू?"

ताई, मला या वाक्याला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचलेलं नाही. पण एवढं कळतं की ज्यांचं ताट ओढलं जाणार नाही ती त्यांच्यासाठी 'पोरं' होती, आणि ज्यांचं ओढलं जाणार आहे त्या त्यांच्यासाठी 'एक वार' होत्या.

"आणि तुझा प्रबंध?" त्या म्हणाल्या. "तो याच दोनशे बारा फॉर्मवर उभा आहे. तो पडला की शिष्यवृत्ती जाते आणि वसतिगृहातली खोलीही जाते. मी तुला घाबरवत नाहीये. मोजून सांगतेय."

मी बाहेर पडले. जिन्यात मला भीती वाटत होती की राग येत होता, ते सांगता येत नाही. दोन्हींचं प्रमाण किती, असं मॅडमनी विचारलं असतं.

आणखी एक. फॉर्ममध्ये चौदावा रकाना आहे: 'कालचा दिवस नेहमीसारखा होता का? नसल्यास कारण लिहा.' लग्न, उपास, आजारपण, बाजार, असं काही असेल तर कळावं म्हणून तो असतो. दोनशे बाराही फॉर्मवर तिथे 'नेहमीसारखा' आहे. मला ते सुचलंच नाही. शुक्रवार माझ्यासाठी लहानपणापासून शुक्रवारच होता, त्यात वेगळं काय लिहायचं?

धाकटी


शनिवार, २१ फेब्रुवारी

ताई,

'सुचलंच नाही' हे खोटं आहे.

सोमवारचं पत्र पेटीत टाकलं आणि पाच दिवस नीट जेवले नाही. आज लिहून टाकते. पहिल्या दोन शनिवारच्या एकतीस फॉर्मवर चौदाव्या रकान्यात मी 'शुक्रवार, बाजार' असंच लिहिलं होतं. एकतीसच्या एकतीस. मला सुचलं होतं. पहिल्या घरातच सुचलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी गठ्ठा चाळला आणि म्हणाल्या, "सगळेच दिवस असामान्य? मग हे गणतीत धरता येणार नाहीत, पुन्हा जावं लागेल." मग म्हणाल्या, "पण बाजार तिथे दर आठवड्याला भरतो ना? दर आठवड्याला होणारी गोष्ट असामान्य कशी? बघ, तुला काय योग्य वाटतं." सोमवारी त्यांनी 'बाजार शुक्रवारी असतो?' असं विचारलं, तेव्हा त्यांना हे आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, मला माहीत नाही; मीही आठवण करून दिली नाही.

त्यांनी खोड असं म्हटलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तू त्यांना शिव्या देशील आणि मला त्या हव्याशा वाटतील. त्या एवढंच म्हणाल्या, बघ. खोडरबर माझं होतं. फॉर्म पेन्सिलीने भरतात, म्हणून सोपं गेलं. वसतिगृहाच्या खोलीत, भर दुपारी, खिडकी उघडी ठेवून मी एकतीस वेळा 'शुक्रवार, बाजार' खोडलं, एकतीस वेळा 'नेहमीसारखा' लिहिलं आणि चुरा फुंकरीने उडवला. पुन्हा जायचं म्हणजे दुसऱ्या वारी जायचं, आणि दुसऱ्या वारी तू नाहीस. तू नसताना त्या दारांपुढे उभं राहायची मला लाज वाटत होती. भीती नव्हे, लाज. शिकून आलेली पोर, आणि दार उघडून घ्यायला अजून बहीण लागते.

आता तुझ्यावरचा रागही लिहिते, कारण तो आहे.

प्रत्येक दारात तू म्हणायचीस, "नीट सांगा हं, घरातलंच माणूस आहे." आणि बायका नीट सांगायच्या. पाहुण्यापुढे सांगावं तसं. झाकली मूठ ठेवायची सवय तुम्हाला आणि ती उघडायचं काम माझं, पण त्या मुठीवर हात ठेवून तू शेजारी बसलेली. तुझा स्वतःचा फॉर्म नववा आहे. तू म्हणालीस, पालेभाजी दोन मध्यम वाट्या, अंडं एक. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं. तू कढईच्या तळाला लागलेलं खाऊन वाढलेली बाई आहेस, मला वाढताना तुझ्या ताटात काय उरायचं ते मी नऊ वर्षं पाहिलं आहे. मी लिहिलं: दोन वाट्या, अंडं एक. तू माझ्यासाठी खोटं बोललीस आणि मी तुझ्यासाठी ते लिहून घेतलं. आपण दोघींनी एकमेकींचा मान राखला आणि बाजार घालवला.

आणि मग तू गप्प बसलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. माझ्या दारात येऊन दोन मुस्काटात दिल्या असत्यास तरी चाललं असतं. तू फोन बंद करून बसलीस, जणू मी मेले. हा कुठला न्याय? जुड्या बांधून बांधून तुझ्या बोटांना पडलेल्या भेगा मला दाखवून तू मला शाळेत पाठवलंस, आणि शाळेने मला जसं केलं तशी मी झाल्यावर तोंड फिरवलंस.

हे वाक्य खोडणार होते. खोडत नाही. खोडायचं मी सोडलं आहे.

पुढच्या गुरुवारी मी वस्तीत येणार आहे. तू नसशील हे माहीत आहे. म्हणूनच गुरुवार.

धाकटी


शुक्रवार, ६ मार्च

ताई,

दोन गुरुवार येऊन गेले. तुला कळलंच असेल.

पहिल्या गुरुवारी अकरा दारं वाजवली. तीन उघडली, दोन माझ्या तोंडावर बंद झाली, बाकीच्या घरांत बाया आत होत्या आणि आवाज बंद करून बसल्या होत्या. नळाची धार तेवढी ऐकू येत होती. पाचव्या दारातली म्हातारी म्हणाली, "आता काय मोजायचं राहिलंय, पोरी? आमचे दात मोजतेस का?"

मग अंडीवालीकडे गेले. बाजारात तुझ्या शेजारी बसणारी, आपल्या आईच्या वयाची. ती दारातच पोत्यावर बसून अंडी पुसत होती. मला पाहून तिने मान वर केली नाही.

"आली का मास्तरीण. आज वाट्या आणल्यास की परात?"

मी म्हटलं, "मावशी, मी चूक केली. ती दुरुस्त करायला आले."

"चूक दूध उतू गेलं तर म्हणतात." तिने एक अंडं उजेडाला धरून पाहिलं. "तू बहिणीच्या खांद्यावर बसून आमच्या चुलीत डोकावलीस आणि बाहेर जाऊन सांगितलंस, यांचं भरलंय. याला चूक नको म्हणूस. दुसरा शब्द शोध, शिकलेली आहेस."

मग ती म्हणाली, "मी तुला तेव्हाच म्हटलं नव्हतं? शनिवारी विचारशील तर सगळे राजे. गुरुवारी ये, तेव्हा कळेल. तू हसलीस."

"हसले होते," मी म्हटलं. "पण लिहूनही घेतलं होतं."

ते खरं आहे. तिचा फॉर्म सतरावा. त्याच्या कडेला बारीक अक्षरात मी लिहिलं आहे, 'गुरुवारी ये म्हणते'. एकतीस फॉर्मवर चौदावा रकाना खोडताना ते खोडायचं राहिलं, की माझ्या हाताने मुद्दाम ठेवलं, मला माहीत नाही. कडेला लिहिलेलं संगणकात कुणी भरत नाही. ते कागदावर तसंच राहतं.

तिला हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "लिहूनही घेतलंस आणि तरी केलंस. म्हणजे तू निम्मी चांगली आहेस. निम्मं चांगलं माणूस फार वाईट, बाई. पुरता वाईट असला की लोक सावध तरी राहतात." मग पोतं थोडं सरकवून जागा केली. "बस. विचार काय विचारायचंय ते."

तिने मला तू फळ्यासमोर उभी होतीस तेव्हाचं सांगितलं. पालिकेचा आराखडा बाजाराच्या फाटकावरच्या फळ्यावर लावला होता आणि बायकांत वाचता येणारी तू एकटी. सगळ्यांनी तुला पुढे ढकललं. तू बोट ठेवून मोठ्याने वाचत गेलीस, तक्ता सहा, खालचं वाक्य, आणि त्याखालची पाहणी करणाऱ्यांची नावं. माझं नाव तू दोनदा वाचलंस. अंडीवाली म्हणाली, "आम्हाला काय कळतंय त्यात. तिने ते नाव गाळलं असतं तर कुणाला कळलं असतं का? पण ती कसली गाळते."

माझ्या पाटीवर तू अक्षरं शिकलीस, मी शाळेतून आल्यावर, जुड्या बांधता बांधता. माझ्या हौसेने मी तुला शिकवलं होतं. ते तू माझं नाव त्या गर्दीत वाचायला वापरलंस, आणि गाळलं नाहीस. मी एकतीस रकाने खोडले, तू एक नाव गाळलं नाहीस. त्या पोत्यावर बसून मला इतका राग आला की अंडीवालीने हातातलं अंडं खाली ठेवलं. राग कोणाचा, ते विचारू नकोस.

दुसऱ्या गुरुवारी ती माझ्याबरोबर फिरली. दारात "नीट सांगा" म्हणाली नाही. म्हणाली, "खरं सांगा, नाहीतर ही बया पुन्हा आपल्याला श्रीमंत करून टाकेल." बायका हसल्या आणि आत घेतलं.

दोन्ही गुरुवार मिळून तेवीस घरं झाली. शनिवारच्या फॉर्मवर पालेभाजी माणशी एक पूर्णांक आठ वाट्या होती. गुरुवारच्या फॉर्मवर शून्य पूर्णांक दोन. तेवीसपैकी पंधरा घरांत आदल्या दिवशी कसलीच भाजी शिजलेली नव्हती. एका घरात मी मध्यम वाटी काढली तेव्हा ती बाई म्हणाली, "ती ठेव आत, ती शुक्रवारची." तेवीस घरं म्हणजे सिद्धता नव्हे, एवढं मला कळतं. पण पुन्हा मोजायला हवं, एवढं म्हणायला ती पुरतात.

तुझ्या दाराला कुलूप होतं. दाराखालच्या फटीतून एक कोरा फॉर्म आत सरकवला आहे. भरलाच पाहिजे असं नाही.

सुनावणी याच महिन्यात, सतरा, अठरा, एकोणीस अशी तीन दिवस आहे. कुणीही नाव नोंदवून बोलू शकतं. मी अजून नोंदवलेलं नाही. घाबरते आहे. हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं झालं नसतं.

धाकटी


शुक्रवार, १३ मार्च

ताई,

फॉर्म मिळाला. पाकिटात पत्र नव्हतं, चिठ्ठी नव्हती, फक्त तो. तीन वेळा घडी घातलेला, एका कोपऱ्याला ओल्या पाल्याचा हिरवा डाग. तुझी मोठी, सुटी अक्षरं रकान्यात मावत नाहीत, रेघा ओलांडून पुढे गेली आहेत.

सकाळी: चहा. दुपारी: भात, मीठ, कांदा. संध्याकाळी: दुपारचाच भात. पालेभाजी: नाही. अंडं: नाही. फळ: नाही.

वाटीचं माप विचारलं आहे तिथे तू लहान वाटीवर खूण केली आहेस. आणि चौदाव्या रकान्यात, कालचा दिवस नेहमीसारखा होता का, तिथे लिहिलं आहेस, 'नेहमीसारखा'. दोनशे बारा फॉर्मवर मी तोच शब्द लिहिला होता. तुझ्या एका फॉर्मवर तो पहिल्यांदा खरा आहे.

शेवटी 'पाहणी करणाऱ्याचे नाव' अशी जागा आहे. तिथे तू माझं नाव लिहिलं नाहीस. 'बहीण' लिहिलंस. मी तो कागद टेबलावर ठेवून उठले, हात धुतले, मग पुन्हा उचलला.

नियमाने तो फॉर्म बाद आहे. उत्तर देणाऱ्याने स्वतःच भरलेला फॉर्म धरत नाहीत. म्हणून तेवीसचे चोवीस करणार नाही. तो वेगळा ठेवणार आहे आणि वेगळा का, तेही सांगणार आहे.

काल मॅडमकडे जाऊन आले. सुनावणीत काय बोलणार ते आधी त्यांना सांगणं मला योग्य वाटलं. शनिवारचं वेळापत्रक माझ्या अक्षरात आहे, हे सांगणार. एकतीस फॉर्म उजेडाकडे धरले की खोडलेलं 'शुक्रवार, बाजार' अजून वाचता येतं, ते समितीसमोर खिडकीशी नेऊन दाखवणार. सतराव्या फॉर्मची कड दाखवणार. उरलेल्या नऊ वस्त्यांचे वार मी स्वतः तपासले, ते बदलते होते, त्यांचे आकडे उभे आहेत, हेही सांगणार, कारण त्या पोरांचं ताट माझ्या चुकीने ओढलं जाऊ नये. मॅडमच्या त्या दिवशीच्या वाक्याला हे माझं उत्तर. सुचायला साडेतीन आठवडे लागले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "खोडलंस हे सांगू नकोस. वार चुकला एवढं पुरे आहे. वार चुकणं ही चूक आहे, खोडणं हा गुन्हा धरतात. पदवी कायमची जाईल."

"तुम्ही 'बघ' म्हणाला होतात, तेही मी सांगणार आहे," मी म्हटलं. "आणि खोड म्हणाला नव्हतात, तेही."

"दशांशात बोलतेस आता," त्या म्हणाल्या. कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही. फॉर्मच्या कपाटाची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली आणि स्वतः वर्गावर गेल्या. मी दोनशे बाराही फॉर्म मोजून बाहेर काढले, किती घेतले त्याची पोच लिहून कपाटात ठेवली आणि किल्ली होती तिथे ठेवली.

म्हणजे असं होईल. आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, आणि पदवीविना परत येणारीही मीच. तुझ्या भेगांचं काय झालं, असं तू विचारलंस तर माझ्याकडे उत्तर नाही. बाजार वाचेल याचीही खात्री नाही. समितीतले लोक माझं ऐकतील, 'प्रामाणिक मुलगी' म्हणतील आणि तरीही गाड्यांसाठी जागा आखतील. त्याचा राग मी आधीच करून ठेवला आहे. तिथे आवाज कापायला नको म्हणून.

आज दुपारी पालिकेत नाव नोंदवायला गेले. कारकून डबा खात होता. एका हाताने वही ओढून म्हणाला, "तीन दिवस आहेत. कोणता वार लिहू?"

मी मनात वार मोजले. मंगळवारी आणि बुधवारी तुला कारखान्यातून अर्धी रजा काढून येता आलं असतं. गुरुवारी तू माल आणायला गेलेली असशील, त्याला तर सुट्टी नसते. तू येऊ शकणार नाहीस. अंडीवाली येणार आहे, सोबत आणखी सात-आठ जणी, आदल्या दिवशी काय खाल्लं ते स्वतःच्या तोंडाने सांगायला. मला मात्र या वेळी कुणी दार उघडून द्यायला नको आहे.

"घाईने लिहू नका," मी कारकुनाला म्हटलं, "मागच्या वेळी मी घाई केली होती." त्याने हात पुसला आणि मी सांगितलं तसं लिहिलं. मी वही फिरवून वाचून पाहिलं. बरोबर होतं. वार पुन्हा मीच ठरवला आहे.

गुरुवार, १९ मार्च, सकाळी साडेअकरा.